चटईवर बसलेले देव

मंडळाचा निरोप परवा आला. यंदाचा उन्हाळी संगीत महोत्सव मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी. जागा गेल्या वर्षीचीच. कूलर वाढवले आहेत. निरोप आला तेव्हा मी भिवंडीजवळच्या पूर्णा गावच्या गोदामात उभी होते, समोर कंटेनर लागला होता आणि ड्रायव्हर पावतीवर सही करायला पेन शोधत होता. मी तिथे डिस्पॅच बघते. कुठला माल कुठल्या गाडीत, कुठली गाडी कधी सुटली, हे माझं काम. निरोप वाचला, फोन खिशात टाकला, पेन दिलं. मग लक्षात आलं की आपण मनातल्या मनात दिवस मोजतोय.

भिवंडीत गाणं ऐकायचं तर मे महिन्यातच. बाकीचे अकरा महिने या गावाला स्वतःचा ठेका असतो. गल्लीगल्लीतून कापडाचे लूम चालतात, खटक-खटक, खटक-खटक, दिवसपाळी आणि रातपाळी. मुंबईचे पाहुणे येतात आणि विचारतात, हा आवाज कसला? आम्ही विचारतो, कुठला आवाज? पण मे महिन्यात अर्धे कारागीर गावी जातात. "मैडम, मुलुक जा रहे हैं, घर में शादी है," असं सांगून बॅगा बांधतात. मग एकेक कारखाना गप्प होतो. त्या दिवसांत शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येते, कोकीळ ऐकू येतो, आणि आपल्या गावात इतकी कुत्री आहेत हेही कळतं.

अशा शांततेचा फायदा कुणीतरी घ्यायलाच हवा होता. चार वर्षांपूर्वी काही गाणंवेड्या लोकांनी मंडळ काढलं. हॉल परवडत नव्हता. वळ या माझ्या माहेरच्या गावी एक गोदाम जुना भाडेकरू गेल्यामुळे मोकळं होतं, मालकानं दोन दिवस फुकट दिलं. तेव्हापासून दर मे महिन्यात कुठलं ना कुठलं गोदाम त्यांना मिळतं. माल चढवायचा उंच कट्टा असतो, तोच रंगमंच. पत्र्याखाली गरम होतं, पण आवाज छान घुमतो. ख्याल, ठुमरी, कव्वाली, नाट्यगीत, सगळं होतं. मला त्यातलं शास्त्र कळत नाही. मी पाणी, खुर्च्या आणि पार्किंग बघते.

आणि तरी मी त्याची वाट बघते. डिसेंबरात नाही बघत. एप्रिलात बघते. बाजारात करवंदं येतात, वळच्या घरी गच्चीवर जवळा वाळत पडतो, गोदामाच्या पत्र्याला सकाळी नऊलाच हात लावता येत नाही, तेव्हा माझ्या डोक्यात खुर्च्यांची संख्या सुरू होते. यंदा मात्र खुर्च्यांच्या आधी मला चटई आठवली. गेल्या वर्षीचा उन्हाळा मी त्या चटईमुळे विसरणार नाही.

माझी आत्या, काशीआत्या, ऐंशीच्या घरात आहे. वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली, मूलबाळ नाही, तेव्हापासून वळला आमच्याच घरी. आधी वडिलांकडे, आता माझ्या भावाकडे. ती धवलारीण आहे. बाहेरच्यांना हे सांगावं लागतं. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला एक गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. तिच्याशिवाय लग्न लागत नसे. वळ आणि आसपासच्या पाच-सहा गावांत एक काळ असा होता की आत्याला विचारून लग्नाची तारीख धरायचे. ती लग्नाहून परत यायची तेव्हा तिचे तळवे पिवळे असायचे. पदराला हळदीचा, धुराचा आणि फुलांचा वास असायचा. पिशवीत नारळ, तांदूळ आणि खण. पिशवी आईच्या हातात द्यायची आणि दिवसभर झोपायची. आम्ही पोरं तिच्या आसपास कुजबुजत फिरायचो.

मग जमिनी गोदामांना गेल्या, घरं बंगले झाली आणि मांडवात डीजे आला. आत्याला बोलावणं बंद झालं असं कुणी ठरवलं नाही. फक्त तिच्यासाठी वेळ उरला नाही.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मंडळाचे कुलकर्णीकाका मला म्हणाले, "ताई, यंदा एक इथलं, मातीतलं काहीतरी ठेवू या. तुमच्याकडे आहे का कुणी?" हे काका निवृत्त बँकवाले, तंबोरा स्वतः लावतात आणि घड्याळ हातातून काढून समोर ठेवतात. मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवा. कमिटीत ऐकवतो. बारा मिनिटं देऊ.

रविवारी वळला गेले. आत्या स्वयंपाकघरात सुपात जवळा निवडत बसली होती. मी फोन तिच्यासमोर धरला.

"आत्या, ते पहिलं म्हण ना. देवांचं."

"आता? कुनाचं लगीन हाय?"

"कुणाचं नाही गं. नमुना म्हणून. दोन मिनिटं."

"नमुना," ती म्हणाली. जवळ्यातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "पैला धवला नमुना म्हनून?"

"तोच सगळ्यात चांगला आहे."

आत्यानं मला आयुष्यात कशालाच नाही म्हटलेलं नाही. तिनं सूप बाजूला केलं, पदर सावरला, हात धुतले. मग गायली. पहिल्या धवल्यात देवांना आवतण असतं. गणपतीपासून सुरुवात, मग कुलदैवत, मग गावदेवी, मग खाडीवरचे, डोंगरावरचे, एकेकाचं नाव घेऊन, त्याच्या वाटेनं जाऊन त्याला सांगायचं की अमक्याच्या घरी लग्न आहे, या. तिचा आवाज चिरका झाला होता, पण नावं एकामागून एक येत होती. दोन मिनिटांनी मी फोन बंद केला. ती थांबली नाही. पूर्ण गायली. मी तोवर चहा टाकला.

क्लिप पाठवली. काकांचा निरोप आला: सर्वांना आवडली, निश्चित. मी समाधानानं घरी आले. एक काम झालं.

तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन. "ताई, तुमच्या आत्यांनी हॉलमध्ये चटई घातलीय."

"मग?"

"मग म्हणजे? कुणाला बसू देत नाहीत. सोफा भिंतीला लावलाय. मी झाडू मारायला गेले तर बोलतात, लांबून मार, अंगावर धूळ उडतेय."

"कुणाच्या?"

"देवांच्या!" वहिनी म्हणाली. "आणि ताई, जेवत नाहीत. पाव्हणे जेवल्याशिवाय घरच्यांनी जेवायचं कसं, बोलतात. तीन दिवस चहा आणि अर्धी भाकरी. साखरेच्या गोळ्या चालू आहेत त्यांच्या."

हे शेवटचं वाक्य ऐकून मी हाफ डे टाकला.

चटई खरंच होती. नवी, कडेला लाल काठ असलेली. तिच्यावर काही नव्हतं. समोर पाण्याचा तांब्या. आत्या बाजूला जमिनीवर बसली होती, घरात पाहुणे असताना बाई बसते तशी. पाय दुमडून, अर्धी उठायच्या तयारीत.

मी समोर बसले. "आत्या, हे काय आहे?"

"तूच बोललीस, बोलव. मी बोलावला. आता आलेत."

"अगं, ते रेकॉर्डिंग होतं."

"त्यांना काय ठावं? आपल्यासारखे हायत काय, येतो येतो बोलून न येनारे? नाव घेतला की निघतात. इथं येऊन बघतात तं मांडव न्हाय, हलद न्हाय, नवरी न्हाय. मना इचारतात, काशे, लगीन कुनाचं? मी काय सांगू? नमुन्याचं?"

"मग सांग त्यांना, चूक झाली, परत जा."

आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी लहानपणी ताटात भात टाकून उठले होते तेव्हाही तिनं तसं बघितलं नव्हतं. "उपाशी? तुज्या बापाच्या दारातून कोन उपाशी गेलाय का?"

मी देव वगैरे फार मानत नाही. सकाळी दिवा लावते, कारण सासूबाई लावायच्या. पण ही चूक माझी होती, हे मला मान्य करावं लागलं. मालाची ऑर्डर नसताना मी गाड्या मागवल्या होत्या. गाड्या गेटवर येऊन उभ्या होत्या आणि गेटवर बसलेल्या म्हाताऱ्या बाईला उत्तर देता येत नव्हतं. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, काहीही करा, पण खायला घाला. मी विचारलं, "आत्या, काय केलं म्हणजे जेवशील?"

तिनं चटईकडे बघितलं. "वज्रेश्वरीला ने मना. बायला इचारते. ती मोठी हाय, ती सांगेल." बाय म्हणजे तिथली देवी.

बुधवारी गेलो. बुधवारी गर्दी कमी असते असा माझा हिशेब. निघताना आत्यानं वहिनीला तांब्यातलं पाणी बदलायला सांगितलं. वहिनीनं मला डोळ्यांनीच सांगितलं, लवकर परत आणा.

भिवंडी-वाडा रस्त्याला लागलो. या रस्त्यावर खड्डे चुकवायचे नसतात, निवडायचे असतात. दोन्ही बाजूंना कंटेनर, मध्ये आमची छोटी गाडी. आत्या सीटबेल्टला धरून बसली होती. अंबाडी नाका गेला तसे कंटेनर कमी झाले, पळस संपून गुलमोहर लागले, बायका रस्त्याच्या कडेला पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या दिसू लागल्या. आत्या बोलायला लागली.

वज्रेश्वरीला प्रत्येक दगडाला एक गोष्ट आहे, आणि प्रत्येक गोष्ट तीन माणसं तीन तऱ्हांनी सांगतात. आत्या सगळ्या गोष्टी नात्यातल्या माणसांच्या असल्यासारख्या सांगते. इंद्रानं वज्र फेकलं ते बायनं गिळलं. "गिललान!" ती म्हणाली, गेल्या आठवड्यात शेजारच्या घरात झाल्यासारखं. राक्षस मारले, त्यांचं रक्त जमिनीत मुरलं, म्हणून कुंडातलं पाणी अजून गरम आहे.

"गंधक आहे आत्या. जमिनीखाली."

"मंग गंधक आला कुठना?"

मी पुढचा खड्डा निवडला.

डोंगर दिसला तशी ती म्हणाली, "ह्यो डोंगर न्हाय. राख हाय. परशुरामानी होम केलान, त्याची." मी काचेतून बघितलं. साधा डोंगर, वर झुडपं, उन्हानं भुरकट झालेला. पण मला आमची वळची टेकडी आठवली. लहानपणी आम्ही तिच्यावर बोरं खायला जायचो. ती खणून तिचा मुरूम गोदामांच्या भरावाला गेला, आता तिथे सपाट जागा आहे आणि वजनकाटा आहे. आमच्या टेकडीला कुणी कधी राख म्हटलं नव्हतं. कुणी गोष्ट सांगितली असती तर वाचली असती असं मी म्हणत नाही. पण मुरूम म्हणून न्यायला कुणाला तरी दोन मिनिटं जड गेलं असतं.

देऊळ किल्ल्यासारखं आहे. पेशवाईतल्या कुणा सरदारानं लढाईआधी नवस केला होता, जिंकलो तर असं देऊळ बांधीन की किल्ला वाटेल, असं सांगतात. नारळवाली म्हणाली, लढाई जिंकायच्या आधी देवी स्वप्नात आली होती. फुलवाला म्हणाला, स्वप्नात नाही, समोर आली होती. पायऱ्या चढताना एका पायरीवर कासव कोरलेलं आहे. लोक त्यावर हळदकुंकू वाहतात. आत्या तिथे टेकली. दम लागला होता. उपाशी बाईला इतक्या पायऱ्या चढवतेय, काही झालं तर भाऊ काय म्हणेल, असा विचार माझ्या मनात आला आणि मी बिस्किटाचा पुडा काढला. तिनं मान हलवली. कासवाला हात लावला आणि उठली.

बुधवारचा हिशेब चुकला होता. वसईकडून दोन बसगाड्या आल्या होत्या. रांग हळूहळू सरकली. गाभाऱ्यात आत्या देवीसमोर उभी राहिली, हात जोडले, ओठ हलू लागले. तिला सांगायचं खूप होतं. मागून एका सेवेकऱ्यानं, "चला मावशी, पुढं चला, दर्शन झालं," म्हणत तिला हलवलं. ती हलली नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. मी मध्ये पडणार तेवढ्यात मागची रांग आली आणि आम्ही दोघी बाहेर फेकल्या गेलो.

"काय म्हणाली देवी?" मी विचारलं.

आत्यानं चपला शोधल्या. "कामात व्हती. किती पाव्हणे आलेत तिच्या घरी, बघितलास न्हाय? आपलं आपन बघायचा."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. इतक्या लांब येऊन उत्तर न घेता परत जायचं हे तिला चालेल, पण चटईवाल्यांना चालणार नाही, हे मला माहीत होतं.

म्हटलं, आलोय तर कुंडात पाय बुडवून जाऊ. अकलोलीच्या कुंडांजवळ सावली होती. पाणी खरंच कढत आहे. पाय एकदम घालता येत नाहीत, आधी बोट, मग तळवा. शेजारी दोन बायका साड्या गुडघ्यापर्यंत घेऊन बसल्या होत्या आणि सुनांबद्दल बोलत होत्या. आत्याचे पाय पाण्यात गेले, घोट्याच्या वरच्या निळ्या शिरा मोठ्या दिसायला लागल्या.

मग म्हणाली, "कुनाचं लगीन राहिलंय ते बघू."

"म्हणजे?"

"देव आलेत ना? मंग लगीन पायजे. ज्याचं धवल्याबिगर जाला त्याचं राहिलंय."

"महोत्सवात एखादी मुलगी नवरी म्हणून बसवू," मी म्हटलं. "शाळेच्या गॅदरिंगमध्ये बसवतात तशी. मुंडावळ्या बांधून."

"खोटी नवरी? देव आंधले हायत?" ती बोटं मोजू लागली. "शेजारच्या मधूच्या पोराचं, डीजे. त्याच्या भावाचं, डीजे. पाटलांच्या पोरीचं रिसॉर्टला." मग बोट थांबलं. "तुजं."

"माझं लग्न झालंय आत्या. सव्वीस वर्षं झाली."

"हापिसात जाला."

झालं होतं. मी आगरी, आमचे हे भिवंडी शहरातल्या मास्तरांच्या घरातले. दोन्हीकडची तयारी होती, फक्त कुणाच्या पद्धतीनं करायचं यावर बैठका चालल्या होत्या. त्यांच्याकडचे म्हणायचे भटजी, आमच्याकडचे म्हणायचे आधी हळद. चौथ्या बैठकीत मी म्हटलं, नोंदणी करू, पन्नास माणसं जेवतील, विषय संपला. मला ते सोयीचं वाटलं. तिसऱ्या दिवशी मी ड्युटीवर हजर होते. मी ते नेहमी अभिमानानं सांगत आले. वेळ वाचला, भांडणं वाचली.

आत्या त्या दिवशी आली होती. नोंदणीच्या कचेरीत खिडकीजवळच्या खुर्चीवर, नवी जांभळी साडी, मांडीवर पर्स. मग जेवणात तिनं आइस्क्रीम खाल्लं. फोटोत आहे ती. पाच गावची लग्नं जिनं लावून दिली, तिच्या घरची पोरगी सही करून उठली, आणि मी तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं. माझ्या यादीत वाजंत्री नव्हती, भटजी नव्हते, तशी आत्याही नव्हती. माझ्या लेखी तो एक वगळलेला खर्च होता. सव्वीस वर्षं तिनं ते कधी काढलं नाही. त्या दिवशीही काढलं नाही. नुसतं बोटावर मोजलं.

"नवरा हाय ना तोच?"

"तोच आहे."

"मंग काय," ती म्हणाली. पाय पाण्यातून काढले आणि पदराला पुसले. "गोदामात तूच बस पाटावं. चल. त्यांना सांगायचंय."

"आत्या, लोक हसतील. मी एक्कावन्न वर्षांची आहे."

"मी न्हाय हसनार."

घरी आल्यावर तिनं चपला काढल्या, हॉलमध्ये गेली, चटईसमोर वाकली आणि काहीतरी पुटपुटली. मला फक्त "मेच्या शनवारी" एवढं ऐकू आलं. मग स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसली आणि वहिनीला म्हणाली, "वाढ." सुकट, दोन भाकऱ्या, वर भात. वहिनी वाढत होती आणि मी दारात उभी राहून बघत होते. तिनं पाणी प्यायलं तेव्हा मी खाली बसले. माझे पाय दुखत होते हे मला तेव्हा कळलं.

चटई महोत्सवापर्यंत राहिली. घरच्यांना सवय झाली. सगळे तिला वळसा घालून जाऊ लागले. माझा भाऊ, जो गोदामांच्या भाड्याशिवाय दुसरं काही बोलत नाही, तो चपला हॉलच्या बाहेर काढू लागला. एकदा मी गेले तर तो टीव्हीचा आवाज कमी करत होता. मी बघितलं तसा म्हणाला, "डोकं दुखतंय."

आमच्या ह्यांना सांगायचं काम होतं. हे गणिताचे शिक्षक. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे मी नेमकं काय करायचं?"

"बसायचं."

"किती वेळ?"

"बारा मिनिटं."

"मुंडावळ्या?"

"हो."

"बसतो," ते म्हणाले. "आपल्या लग्नात मला बसायला मिळालंच नव्हतं. उभ्यानं सही केली."

कुलकर्णीकाकांना जास्त अडचण झाली. "ताई, हे सादरीकरण आहे की विधी?"

"दोन्ही."

"मग पत्रिकेत काय लिहू?"

"लिहा, धवले, काशीबाई, वळ. आणि मधल्या जागेत दोन पाट लागतील."

मधले तीन आठवडे मी कामात घालवले. खुर्च्या, पाण्याचे जार, पार्किंगची दोरी. पण काम करता करता एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. आत्याला सकाळची गोळी घेतली की नाही हे दुपारी आठवत नव्हतं. वहिनीला ती अधूनमधून माझ्या आईच्या नावानं हाक मारायची. कट्ट्यावर, एवढ्या लोकांसमोर, माइकपुढे ती विसरली तर? देव आले, मांडव झाला, आणि गाणंच अर्धं राहिलं तर ती त्या चटईपुढे पुन्हा कशी बसणार? मी म्हटलं, आत्या, एकदा सराव करू या. ती म्हणाली, "सराव केला तं परत येतील ना सगले." आणखी रेकॉर्डिंगचा विषय मी पुन्हा काढला नाही. आजही काढलेला नाही. तिची बाकीची गाणी कुठेच नोंदलेली नाहीत. लोक मला म्हणतात, अहो, ठेवा संपेल. मला कळतं. पण एक म्हातारी बाई उपाशी बसते म्हणजे काय हे त्यांनी बघितलेलं नाही. यंदा तिला दोन वाक्यं बोलली तरी दम लागतो. ती गाणार नाही. तिच्या जागी कोण, असं काकांनी विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही, ती बारा मिनिटं दुसऱ्या कुणाला द्या.

गेल्या वर्षीचा तो शनिवार. संध्याकाळचे साडेपाच, बाहेर लख्ख ऊन, पत्रा तापलेला. कट्ट्यावर आत्यानं स्वतः तांदळाचा चौक भरला. चौकाची रेघ सरळ आली. आम्ही पाटांवर बसलो. ह्यांचा गुडघा दुखतो, त्यांनी पाय थोडा पुढे घेतला. लोकांतून एक-दोन हसण्याचे आवाज आले, एक शिट्टी आली, मग कुणीतरी "शुक" केलं. मी समोर बघितलं नाही. कोपऱ्यात काका घड्याळ घेऊन बसले होते, हातात बारा मिनिटं संपल्याची लाल पाटी.

आत्यानं माइक बाजूला सारला. त्याच्याशिवाय मागच्यांना ऐकू येईल की नाही याची मला काळजी, तिला नव्हती. तिनं हळदीत बोट बुडवलं आणि सुरू केलं. आवतणाचा धवला नव्हता तो, देव आलेले होतेच. मांडवाचा होता. या धवल्यात नवरीचं नाव, आईबापाचं नाव, घर, दार सगळं गुंफायचं असतं. प्रत्येक लग्नाला धवलारीण ते नव्यानं जुळवते.

बालारामाचे दारी मांडव घातला गो
आंब्याचे सावलीला मांडव घातला गो
सोनुबायनी चौक तांदलाचा भरला गो
हौसा नवरी बैसली पाटावरी गो

हौसा माझं नाव. गोदामात मी मॅडम, घरी अगं, भावाला ताई, आत्याला बाय. माझं नाव मोठ्यानं घेणारं आता कुणी उरलेलं नाही. बाळाराम माझे वडील, जाऊन अकरा वर्षं झाली. सोनूबाई माझी आई, तिला जाऊन त्याहून जास्त. आणि आमच्या दारात आंबा होता. तो गोदामाच्या रस्त्यात गेला. ज्या वर्षी गेला त्या वर्षी माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती.

आत्या पुढे गात होती. विहिरीचं पाणी आणलं, थोरल्या काकानं तोरण बांधलं, दारातल्या लाल गाईला माळ घातली. ती गाय माझ्या लग्नाच्या वर्षी आमच्याकडे होती. एकही नाव अडखळलं नाही, एकही ओळ तिनं शोधली नाही. मला तिथे पाटावर बसून कळलं की हे तिनं त्या तीन आठवड्यांत जुळवलेलं नाही. हे सव्वीस वर्षांपूर्वी जुळवलेलं आहे. मी बैठका संपवून तारीख घेऊन आले, त्याच्या आधीच तिनं माझं गाणं तयार करून ठेवलं होतं. मग जांभळी साडी नेसून कचेरीत आली, आणि ते तसंच घेऊन परत गेली.

बारा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. काकांनी लाल पाटी उचलली नाही. ती त्यांच्या मांडीवर उलटी पडली होती.

शेवटी आत्यानं आम्हा दोघांच्या कपाळाला, गालाला हळद लावली आणि गप्प झाली. गोदामात फक्त कूलरचा आवाज. थोडा वेळ गेला. आणखी थोडा. लोक चुळबुळले. मला वाटलं, विसरली. काहीतरी करावं म्हणून मी उठायला लागले.

आत्याचा ओला पिवळा हात माझ्या खांद्यावर आला आणि त्यानं मला खाली दाबलं. एवढी ताकद तिच्यात असेल असं वाटलं नव्हतं.

"कुठं चाललीस?" ती हळूच म्हणाली. "देव जेवतात. त्यांचा होऊ दे."

ह्यांनी पाय पुन्हा आत घेतला. मग आम्ही बसलो. पुढच्या गायिका पडद्याआड तंबोरा धरून उभ्या होत्या, त्याही थांबल्या. समोरच्या लोकांना काय चाललंय हे माहीत नव्हतं, पण कुणी उठलं नाही, कुणी बोललं नाही. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी घड्याळाकडे बघितलं नाही. मान खाली घालून बसले होते, नवरीनं बसावं तशी.